बदकांना पाव

मला एका जागी बसवत नाही. लहानपणापासूनच नाही. या पोरीच्या पायाला भिंगरी आहे, असं आई म्हणायची आणि पुढे कंटाळून तिने म्हणायचंही सोडून दिलं. आता सत्तावन्न वर्षांची झाले तरी मी वर्गात उभ्यानेच शिकवते. शिकवताना खिडकी उघडते, लावते, पंखा वाढवते, कमी करते, बाक तिरकं दिसलं की मुलांना उठवून सरळ करून घेते. तीस वर्षांत नाशिकमध्ये सहा घरं बदलली. जित्याची खोड म्हणतात ती हीच, आणि गंमत अशी की माझा धंदा दुसऱ्यांना सवयींबद्दल बोलायला शिकवण्याचा आहे.

परदेशी नोकरीला जायचं तर इंग्रजीची एक परीक्षा द्यावी लागते. तिची तयारी मी करून घेते. माझा वर्ग नाशिकच्या कॅनडा कॉर्नर नावाच्या चौकाजवळ, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या खोलीत भरतो. मुलं चेष्टेने म्हणतात, मॅडम, कॅनडा नाही तर निदान कॅनडा कॉर्नर तरी गाठलं. हा विनोद मी दर बॅचला ऐकते आणि दर बॅचला मला थोडा रागच येतो. माझ्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त नर्स असतात. रात्रपाळी करून सकाळी साडेसातला येतात, डोळे तारवटलेले, आणि मी त्यांच्यापुढे फळ्यावर क्रियापदं मांडते.

त्यांना सगळ्यात जास्त छळतात ते दोन शब्द, यूज्ड टू. मराठीत आपण ‘जायचो’ म्हणतो आणि मोकळे होतो. त्या एका शब्दात जाणं आलं, पुन्हा पुन्हा जाणं आलं आणि आता जात नाही तेही बहुतेक वेळा आलं. इंग्रजीत त्यासाठी हे दोन शब्द शेजारी उभे करावे लागतात. आमच्याकडची मुलं ते रोजच्या कामालाही लावतात. एखादी मोठ्या आत्मविश्वासाने सांगते, आय यूज्ड टू गिव्ह इंजेक्शन्स. मी विचारते, मग आता कोण देतं गं, वॉचमन? वर्ग हसतो, ती ओशाळते आणि दुसऱ्या दिवशी तीच चूक पुन्हा करते.

त्याच दोन शब्दांआधी ‘अॅम’ आला की अर्थ होतो, मला याची सवय आहे. ‘गेटिंग’ आला की, सवय होत चालली आहे. हे समजवायला मी चप्पल वापरते. नवी चप्पल चावते. मग कमी चावते. मग आपण चप्पल घातली आहे हेच विसरतो. हे सांगताना मी पायातली चप्पल काढून टेबलावर ठेवते, त्यामुळे कुणी विसरत नाही. माणसाला सगळ्याची सवय होते, असं शेवटी एक वाक्य टाकून मी धडा संपवायचे. ते वाक्य मी वर्षानुवर्षं टाकलं.

परीक्षेत बोलण्याचा एक भाग असतो. समोर परीक्षक बसतो, एक कार्ड देतो आणि त्यावर दोन मिनिटं बोलायचं. लहानपणी तुम्ही नेहमी काय करायचा, हे कार्ड हमखास येतं. यासाठी आमच्या धंद्यात एक रीत आहे. वर्ग चालवणारा प्रत्येक जण तयार उत्तरांची फाईल ठेवतो. मुलांनी ती खालून झेरॉक्स काढून न्यायची आणि पाठ करायची. माझ्या फाईलमधलं लहानपणाचं उत्तर असं होतं: दर रविवारी वडील आम्हाला पार्कमध्ये न्यायचे, आम्ही आइस्क्रीम खायचो आणि तळ्यातल्या बदकांना पाव घालायचो. वाक्यं सोपी होती, यूज्ड टू पाच वेळा बसवलं होतं. किती बॅचेस त्यावर निघाल्या, मी मोजलं नाही. नाशिक जिल्ह्यातली कांदा, द्राक्ष आणि मक्याच्या रानांत वाढलेली मुलं परीक्षकासमोर बसून बदकांना पाव घालत होती.

गेल्या पावसाळ्यात हरसूलकडच्या एका पाड्यावरची मुलगी माझ्याकडे आली. सव्वीस वर्षांची, इथल्या एका खासगी दवाखान्यात नर्स. बोलायची हळू, पण तिला काय हवं आहे ते पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. तिच्या घरचे दरवर्षी भात काढून झाला की पिकअपमध्ये बसून दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांत कामाला जायचे. घड द्रावणात बुडवायचे, मणी विरळ करायचे, पाच-सहा महिने बागेच्या कडेला प्लास्टिकच्या पालात राहायचं. वडील गेल्यावर आई एकटीच जात होती. गुडघे गेले होते, तरी जात होती. मुलीची परदेशातल्या एका हॉस्पिटलसाठी निवड झाली होती, अडत होतं फक्त या परीक्षेचं. तिकडे पाठवणाऱ्या एजन्सीची यादी दिवाळीला बंद होणार होती. त्याआधी पास झाली तर आईला सांगायचं, यंदा पिकअपमध्ये बसायचं नाही, हे तिने ठरवून ठेवलं होतं.

बालपणाच्या कार्डाची वेळ आली तेव्हा तिने हात वर केला. ती बिचकत म्हणाली, “मॅडम, मी लहानपणी घडांवरचे पेपर वाचायचे. ते चालंल का?”

मला कळलं होतं ती कशाबद्दल बोलतेय. द्राक्षांना ऊन लागून रंग बिघडू नये म्हणून बागायतदार घडांना रद्दीचे पेपर गुंडाळतात. पण मी घड्याळ बघत होते. म्हटलं, ते द्राक्षाचं नको, समजावून सांगण्यातच दोन मिनिटं जातील, तू आपली बदकं घे. ती हो म्हणाली आणि वहीत मान घातली. आज खरं सांगते, प्रश्न वेळेचा नव्हता. मजुरीतल्या बालपणाची गोष्ट कुणी काढली की मला आतून खाजवल्यासारखं होतं. मी लगेच खिडकी उघडायला उठते.

गणपती होऊन गेल्यावर तिने परीक्षा दिली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती वर्गात आली. मी एकटीच होते आणि नेहमीप्रमाणे बाकं हलवत होते. बोलण्यात अर्धा गुण कमी पडला होता, बाकी सगळ्यात पास. काय झालं, विचारलं. तिने अगदी शांतपणे सांगितलं. परीक्षक बाई चांगल्या होत्या. तिने पार्क सांगितलं, आइस्क्रीम सांगितलं, एवढ्यात त्या बाई हसल्या आणि त्यांनीच वाक्य पुरं केलं: आणि मग तुझे वडील बदकांना पाव घालायचे, हो ना? त्या दिवसभरात त्यांनी ती बदकं किती वेळा पाहिली होती कोण जाणे. मग त्यांनी विचारलं, कुठलं पार्क, बदकं कोणत्या रंगाची? हिला काहीच आलं नाही. उरलेला वेळ ती नुसती बसून राहिली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या परीक्षक बाईंवर, झेरॉक्सवाल्यावर, सगळ्यांवर. आता ही माझ्यावर चिडणार, आणि चिडली तर बरंच होईल, असं वाटत होतं. पण ती चिडायला आलीच नव्हती. पिशवीतून वही काढून, पेन उघडून ती म्हणाली, “मॅडम, तुमचं ते पार्क कुठलं होतं? आणि बदकं? पुढच्या वेळी विचारलं तं सांगता येईल.”

तिला वाटत होतं, ते माझं खरं लहानपण आहे. मी तिला ते उसनं दिलं होतं आणि नीट सांभाळता आलं नाही म्हणून तिलाच वाईट वाटत होतं.

“पांढरी,” मी म्हटलं. “पांढरी होती.”

तिने लिहून घेतलं.

त्यानंतरचे आठ दिवस मी स्वतःला कुठे ठेवू हे मला समजेना. भाजी आणायला गंगेवर, म्हणजे गोदावरीकाठच्या बाजारात जायचे आणि भाजी न घेता परत यायचे. घरी कपाट लावायला काढलं आणि अर्ध्यात सोडलं. वर्गात चप्पल टेबलावर ठेवली आणि पुढे काय सांगायचं तेच आठवेना. दुसरी परीक्षा दसऱ्यानंतरच्या आठवड्यात होती, दिवाळीआधीची शेवटची. त्या पोरीच्या वहीत माझी पांढरी बदकं होती, आणि ती आता त्यांना आणखी घट्ट पाठ करत असणार हे मला दिसत होतं. माझी लाज वाटत होती मला. दुसरा शब्द नाही.

शेवटी तिला फोन केला आणि दुपारी वर्गात बोलावलं. ती येऊन बसली, वही काढली. मी खिडकीपाशी उभी राहिले आणि म्हटलं, वही ठेव. पार्क नव्हतं. बदकंही नव्हती.

माझं लहानपण मालेगावात गेलं. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. नाना दुसऱ्याच्या कारखान्यात माग चालवायचे. आमची खोली कारखान्याला लागून होती, मधली भिंत एकच. दिवसरात्र खटाखट, खटाखट. भांडी फळीवर थरथरायची. आम्ही त्याच आवाजात जेवलो, अभ्यास केला, झोपलो. आवाज होतो आहे हेच कळायचं नाही, वीज जाऊन माग थांबले की मात्र सगळे दचकून उठायचे. गावात मागांना सुट्टी शुक्रवारी. त्या दिवशी सगळीकडे शांत व्हायचं आणि आमच्या घरात कुणाला चैन पडायचं नाही. नाना तर उठायचे, बसायचे, दारात जायचे, परत यायचे. शेवटी आम्हा पोरांना घेऊन निघायचे ते थेट आग्रा रोडला. तिथे कडेला एका दगडावर बसायचे. समोरून ट्रक जायचे, जमीन हादरायची आणि नानांचा चेहरा हळूहळू मोकळा व्हायचा. आम्ही पुडीतले फुटाणे खायचो आणि ट्रक मोजायचो. अंधार पडायला लागला की घरी.

नाशिकला येऊन वर्ग काढला तेव्हा मी ते उत्तर लिहायला बसले होते. शुक्रवारचा रविवार केला, रस्त्याचं पार्क केलं, फुटाण्यांचं आइस्क्रीम. बदकं एका पुस्तकातल्या चित्रातून घेतली. इंग्रजीत शोभायला हवं ना. मागवाल्याची पोर फाडफाड इंग्रजी शिकवते हे कुणाला कळायला नको होतं मला, आणि कळलं असतं तर काय बिघडणार होतं ते मी कधी स्वतःला विचारलं नाही.

तिने वही पिशवीत ठेवली. मग विचारलं, ट्रकमध्ये काय काय असायचं? मी सांगत गेले. कांदा, कापसाच्या गासड्या, लोखंड, एकदा एक जिवंत उंट. ती हसली. माझ्या वर्गात ती पहिल्यांदा हसली.

मग तिने तिचं सांगितलं, आणि मी या वेळी घड्याळाकडे पाहिलं नाही. आई द्राक्षाच्या मांडवाखाली काम करायची. ही धाकट्या भावाची झोळी मांडवाच्या लोखंडी अँगलला बांधून त्याला झोका द्यायची आणि पोहोचतील त्या घडांवरचे पेपर वाचायची. मराठी पेपर असायचे, मधूनच इंग्रजी. एका घडावर अर्धी बातमी आणि उरलेली कुठल्या घडावर गेली ते शोधत ती ओळीच्या ओळी फिरायची. आईला वाचता येत नाही. ती हाताने काम करता करता ऐकायची आणि बातमी मध्येच तुटली की विचारायची, मंग पुढं काय झालं? उरलेला तुकडा सापडला नाही की ही मनाने जुळवून सांगायची. चोर पकडला जायचा, हरवलेलं पोर सापडायचं. आईला ते सगळं पेपरातलंच वाटायचं.

मी म्हटलं, हे सांग. जसं आत्ता सांगितलंस तसं. व्याकरण चुकू दे, मी बघते त्याचं.

पुढचे वीस दिवस आम्ही तेच केलं. पाठ करायचं नाही, रोज नव्याने सांगायचं, आणि मी रोज वेगळा प्रश्न विचारायचा. ती अडखळायची, मी येरझारा घालायचे. कधी कधी माझाच पारा चढायचा. एकदा तर मी डस्टर आपटला. ती थांबली, पाणी प्यायली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. बदकांचं उत्तर मी फाईलमधून काढून टाकलं. अर्थात त्याने फार काही झालं नाही. मूळ प्रत खालच्या झेरॉक्सवाल्याकडे होती आणि तो ती दुसऱ्या वर्गांच्या मुलांनाही देत होता, हे मला तेव्हा कळलं.

परीक्षेच्या दिवशी मी घरात थांबूच शकले नाही. कॉलेज रोडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोनदा चालून आले. दुपारी तिचा फोन आला. या वेळी वेगळे परीक्षक होते. त्यांनी विचारलं होतं, बातमी अर्धीच सापडली तर काय करायचीस? ती म्हणाली, मॅडम, मी बोलत सुटले, त्यांनीच मला थांबवलं. निकाल धनत्रयोदशीच्या आधी आला. हवे होते त्याहून अर्धा गुण जास्त. मी झेरॉक्सवाल्यालाही पेढा दिला, मनात नसताना.

दिवाळीनंतर काही दिवसांनी सकाळच्या वर्गाच्या वेळी ती दारात दिसली. सोबत तिची आई. आठवडाभरात तिला निघायचं होतं, जाण्याआधी आईला मॅडम दाखवायच्या होत्या. पाड्यावरून पिकअप गेले होते, आई या वर्षी त्यात नव्हती. सुती लुगडं, पायात नव्या चपला, त्या सारख्या काढत होती, घालत होती. मी तिला पहिल्या बाकावर बसवलं. वर्गात वीसेक मुलं होती. आईने सगळीकडे नजर फिरवली, मग ती मला म्हणाली, “बाई, लेक सांगत व्हती तुमच्या वडिलांचं. ट्रकांचं.”

वर्ग माझ्याकडे बघायला लागला. त्यातल्या निम्म्यांनी बदकं पाठ केली होती. मी खडू खाली ठेवला. म्हटलं, हो, माझे वडील मालेगावात माग चालवायचे. आणि त्या सगळ्यांसमोर मी शुक्रवार सांगितले, दगड सांगितला, फुटाणे सांगितले. सांगून झालं, असं मला वाटलं. फळ्याकडे वळणार होते.

“मंग पुढं काय झालं?” आईने विचारलं.

हे मी त्या मुलीलाही सांगितलं नव्हतं. कुणालाच नाही.

पुढे असं झालं, मी म्हटलं, की नाना थकले. माझी आई गेली तेव्हा मी त्यांना इकडे घेऊन आले, इंदिरानगरच्या मागच्या बाजूला, चौथ्या मजल्यावर. त्यांना आराम मिळावा म्हणून मुद्दाम शांत जागा बघितली होती. ते या खोलीतून त्या खोलीत फिरायचे. हॉलमधला जुना पंखा खटखट वाजायचा, त्याच्याखाली मात्र ते तासन्तास बसायचे. आवाजाचा त्रास होत असेल म्हणून मी एक दिवस माणूस बोलावून तो पंखा दुरुस्त करून घेतला. संध्याकाळी नाना पंख्याकडे बघत उभे होते. मी म्हटलं, नाना, होईल सवय. माणसाला सगळ्याची सवय होते.

वर्गातला पंखा डोक्यावर फिरत होता.

“झाली?” आईने विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. “चार महिन्यांत गेले.”

मांडीवरचे हात तिने उलटे केले, सुलटे केले. बोटं द्रावणाने कायमची राठ झालेली. “मला बी घरी बसवत नाय,” ती म्हणाली. “रिकामे हात लय जड लागतात, बाई.” आणि ती बाकावर थोडी सरकली.

मी तिच्या शेजारी बसले.